जुना हंगाम वहीत कसा उतरवायचा: शिकागोच्या लॉयोलाचं १९६२-६३ साल

एकतीस वर्षं मी बास्केटबॉलच्या टेबलावर बसलो. खेळाडू म्हणून माझी मजल कॉलेजच्या दुसऱ्या संघापर्यंतच. पुढे बँकेची नोकरी, आणि संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी स्कोअररचं काम. पुणे, सांगली, नागपूर, जिथे स्पर्धा असेल तिथे. आता वर्षातले चार-पाच महिने मुलीकडे शिकागोला असतो. डेव्हन अव्हेन्यूवर पोहे आणि तूरडाळ घ्यायला गेलो की जावई दुकानात शिरतात आणि मी पाय मोकळे करायला निघतो. त्याच रस्त्यानं पूर्वेला पाऊण-एक तास चालत राहिलं की तळ्याच्या काठाशी लॉयोला युनिव्हर्सिटी लागते. तिथल्या संघानं १९६३ साली अमेरिकेचं कॉलेज अजिंक्यपद मिळवलं. हे कळलं तेव्हा मी आधी अंतिम सामन्याचा तक्ता शोधला, आणि तो बघून चष्मा पुसून परत बघितला. त्यानंतर तो अख्खा हंगाम वहीत उतरवायला मला दोन उन्हाळे लागले. कसा उतरवला ते इथे सांगतो. तुम्हाला दुसऱ्या कुठल्या संघाचा उतरवायचा असेल तरी रीत तीच.

वही लांब घ्या. हिशेबाचं रजिस्टर मिळतं ते उत्तम. दोन्ही पानं मिळून आडवे रकाने मारा: तारीख आणि वार, प्रतिस्पर्धी, गाव, आपलं मैदान की परकं, गुण, फरक. त्यापुढे दोन रकाने रिकामे सोडा आणि शेवटी शेऱ्याला चांगली हातभर जागा ठेवा. रिकाम्या दोन रकान्यांचं काय करायचं ते पुढे येईल. मी पहिल्यांदा ते सोडले नव्हते, म्हणून मला पहिलं रजिस्टर रद्दीत घालावं लागलं.

अंतिम सामन्यापासून सुरुवात करू नका. मोह होतो, मलाही झाला. पण शेवट आधी वाचला की आधीच्या तीस सामन्यांकडे आपण विजेत्याच्या नजरेनं बघायला लागतो. डिसेंबरमधल्या एखाद्या रात्री त्या पोरांना पुढचं काहीच ठाऊक नव्हतं, हे विसरायला होतं. म्हणून आधी नुसती सामन्यांची यादी उतरवा. लॉयोलाच्या त्या हंगामात ३१ सामने झाले, २९ जिंकले, २ हरले. ओळीनं जिंकत निघालेला संघ फेब्रुवारीत बोलिंग ग्रीनकडून ९२-७५ असा हरला आणि मार्चच्या सुरुवातीला विचिटाकडून ७३-७२ असा, एका गुणानं. ह्या दोन ओळी मी लाल शाईनं लिहिल्या. बाकी सगळ्या निळ्या.

त्यानंतर त्या सालचे नियम एका कोऱ्या पानावर लिहून काढा. हे न करता आकडे वाचलेत तर फसाल. १९६३ साली कॉलेज बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेळात शॉट मारायचं बंधन, नव्हतं. पुरुषांच्या खेळात ते १९८५-८६ ला आलं. तीन गुणांची रेघ, जिच्या बाहेरून बास्केट केलं की दोनाऐवजी तीन गुण, त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे त्या काळी आघाडीवरचा संघ चेंडू हातात घेऊन हवा तितका वेळ नुसता फिरवत बसू शकत होता, आणि मागे पडलेल्या संघाला एकदम तीन गुण मिळवायची सोय नव्हती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा वेळ. पाच फाउल झाले की खेळाडू सामन्यातून बाहेर. देशातून फक्त २५ संघ अजिंक्यपदाच्या स्पर्धेला जायचे. आता ह्या पानाशेजारी ठेवून लॉयोलाची सरासरी वाचा: सामन्यामागे ९१.८ गुण, त्या वर्षी देशात सगळ्यात जास्त. तीनची रेघ नसताना! जॉर्ज आयर्लंड हे प्रशिक्षक पोरांना पळवायचे म्हणजे पळवायचे.

नियमांच्याच पानावर खाली एक चौकट आखा आणि तिच्यात न लिहिलेले नियम लिहा. ह्या चौकटीखेरीज हा हंगाम उलगडतच नाही. त्या काळी गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र खेळवणाऱ्या कॉलेजांतही एक अलिखित मर्यादा होती. कृष्णवर्णीय खेळाडू घरच्या मैदानावर दोन, परक्या मैदानावर तीन, फारच मागे पडलात तर आणखी एक, असं प्रशिक्षक आपसांत हसत बोलायचे. आयर्लंड सुरुवातीच्या पाचांतच चौघांना उतरवत: जेरी हार्कनेस, लेस हंटर, व्हिक राउस आणि रॉन मिलर. पाचवा जॉन ईगन, गोरा, शिकागोचाच. हंटर आणि राउस टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या एकाच शाळेतून आलेले, हार्कनेस आणि मिलर न्यूयॉर्कचे. डिसेंबर १९६२ मध्ये वायोमिंगविरुद्ध एक वेळ अशी आली की लॉयोलाचे मैदानातले पाचही जण कृष्णवर्णीय होते. पहिल्या श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हे पहिल्यांदाच घडलं असं मानतात. सामन्याच्या तक्त्यात ह्याचा मागमूस नसतो. तिथे नाव, बास्केट, फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट), फाउल. कातडीचा रंग कुठल्याही स्कोअरशीटवर लिहीत नाहीत, आणि तेच बरं आहे. पण म्हणून वही भरणाऱ्यानं तो विसरून चालत नाही.

बऱ्याच जणांना ह्या विषयातलं १९६६ चं टेक्सास वेस्टर्न तेवढं माहीत असतं. पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी सुरुवात करून ह्या कॉलेजनं अंतिम सामन्यात केंटकीला ७२-६५ असं हरवलं. मोठीच गोष्ट. पण ती तीन वर्षांनंतरची आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझा नातू ह्यावर माझ्याशी जेवणाच्या टेबलावर भांडतो.

आता ते दोन रिकामे रकाने. पहिल्याला नाव द्या 'मुक्काम'.

आम्ही स्कोअरर मंडळी दौऱ्यावर गेलो की पहिला प्रश्न मुक्कामाचाच. शाळेच्या वर्गात बाकं सरकवून झोपलोय, कुणाच्या मामाच्या वाड्यात झोपलोय. झोप कशी झाली ह्याचा दुसऱ्या दिवशीच्या खेळावर परिणाम होतो, हे कुठल्याही खेळाडूला विचारा. म्हणून सामन्याची ओळ लिहिली की संघ राहिला कुठे, जेवला कुठे हे शोधायचं. लॉयोलाच्या बाबतीत हा रकाना भरताना हात थबकतो. १९६२ साली हा संघ न्यू ऑर्लिन्सला गेला तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंना गोऱ्या साथीदारांबरोबर हॉटेलात राहता आलं नाही. त्यांची सोय गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी. एकाच संघाचा मुक्काम दोन ठिकाणी, म्हणून माझ्या रजिस्टरात त्या ओळीला मधून आडवी रेघ आहे. पुढच्या वर्षी ह्यूस्टनला प्रेक्षकांनी शिव्या घातल्या, वस्तू फेकल्या. तिथला शेरा मी दोनदा खोडून लिहिलाय. एकदा फार रागानं लिहिला होता, एकदा फार गुळमुळीत.

पुण्याच्या माणसाला इथे दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकर आठवणारच. इंग्रजांच्या जिमखान्यावर नेटमध्ये गोलंदाजी करून शिकलेला हा माणूस हिंदूंच्या संघाचा मुख्य गोलंदाज झाला, आणि पुण्यात चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. मैदानावर चेंडू एकच. आपल्याकडचा हा 'मुक्काम' रकाना कुणी भरायला घेतला तर मी मदतीला तयार आहे.

दुसऱ्या रिकाम्या रकान्याला मी नाव दिलं 'समोरच्यांचं'. इथे प्रतिस्पर्धी संघ त्या सामन्याला कसा पोचला ते लिहायचं. तीस ओळींत इथे फारसं काही येत नाही. कुणाचा मुख्य खेळाडू जखमी, कुणाची बस उशिरा. पण एका ओळीसाठी मला जादा चार पानं चिकटवावी लागली. ती ओळ अशी: १५ मार्च १९६३, शुक्रवार, मिसिसिपी स्टेट, गाव ईस्ट लान्सिंग, मिशिगन, त्रयस्थ मैदान, ६१-५१.

नुसता गुणफलक बघितला तर साधा सामना. दहा गुणांनी जिंकले, पुढच्या फेरीत गेले. आता समोरच्यांचा रकाना भरून बघा.

दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात गोऱ्यांच्या कॉलेजांनी कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळायचं नाही असा दंडक होता. कायद्याच्या पुस्तकात नव्हता, पण कायद्याहून कडक. बेब मॅकार्थी ह्यांच्या हाताखाली मिसिसिपी स्टेटनं १९५९, १९६१ आणि १९६२ साली आपल्या विभागात पहिलं स्थान मिळवलं, आणि तिन्ही वेळा राष्ट्रीय स्पर्धेला न जाता पोरं घरी बसली. त्यांच्या जागी केंटकी गेली. तीन वर्षं! आपल्याकडे एक वर्ष निवड हुकली तर पोरगा खेळ सोडतो. १९६३ ला ते पुन्हा पहिले आले. त्याच्या पाचच महिने आधी, १ ऑक्टोबर १९६२ ला, त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठात जेम्स मेरेडिथ ह्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल होऊन दोन माणसं मेली होती. अशा हवेत विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्वार्ड ह्यांनी २ मार्चला जाहीर केलं की संघ जाणार. राज्याच्या शिक्षण मंडळाची बैठक बसली. ९ मार्चला ८ विरुद्ध ३ मतांनी जायला हरकत नाही असं ठरलं. जॅक्सन शहरातल्या एका वृत्तपत्रानं लॉयोलाच्या खेळाडूंचा फोटो पहिल्या पानावर छापला होता. हेतू हा की वाचकांनी तो कापून मंडळाला पाठवावा आणि मंडळ बिथरावं. मंडळ बिथरलं नाही.

मग १३ मार्चला, बुधवारी, राज्यातल्या एका आजी आणि एका माजी सिनेटरनं कोर्टातून मनाई हुकूम आणला. संघानं राज्याबाहेर जायचं नाही. हुकूम बजावायचा तर तो माणसाच्या हातात पडायला हवा, आणि नेमकं तेच होऊ द्यायचं नाही असं विद्यापीठाच्या मंडळींनी ठरवलं. कोल्वार्ड राज्य सोडून अलाबामात बर्मिंगहॅमला गेले. मॅकार्थी टेनेसीत सटकले. मुख्य खेळाडू वसतिगृहातच राहिले. गुरुवारी सकाळी आधी राखीव पोरांना विमानतळावर पाठवलं, तिथे शेरीफचा माणूस हुकूम घेऊन उभा असेल तर त्यांच्या हातात पडू दे म्हणून. रस्ता मोकळा आहे असं कळल्यावर खरा संघ निघाला, छोट्या विमानानं नॅशव्हिलला पोचला, तिथे मॅकार्थी भेटले आणि सगळे मिशिगनला गेले. दरम्यान वरच्या न्यायालयानं मनाई उठवलीही होती.

हे उतरवताना एक पथ्य पाळा. अशा पळापळीचे किस्से वर्षागणिक फुगतात. माझी पद्धत अशी की तारीख, वार आणि गाव ह्या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच शाईनं लिहायचं, नाहीतर पेन्सिलीनं. ह्या चार पानांवर पेन्सिल बरीच आहे. त्यातलं मी इथे दिलेलं नाही.

वर्तमानपत्रं वाचायची तर एकाच शहरातली दोन वाचा. शिकागोत 'ट्रिब्यून' आणि 'डिफेंडर'. दुसरं कृष्णवर्णीयांचं दैनिक. एकच सामना, पण पहिल्यात जे चौथ्या परिच्छेदात येतं ते दुसऱ्यात मथळ्यात असतं. वाचनालयात मायक्रोफिल्मच्या यंत्रावर बसायचं तर सकाळी लवकर जा, आणि घरून चपटी उशी न्या. त्या खुर्च्या माझ्या वयाच्या माणसासाठी केलेल्या नाहीत. रीळ फिरवताना फक्त क्रीडा पान बघू नका. त्या आठवड्यात पहिल्या पानावर काय होतं, भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत काय अटी होत्या, तेही नजरेखालून घाला.

फोटो बघायची रीतही वेगळी. ईस्ट लान्सिंगच्या सामन्याआधी दोन्ही कर्णधार, लॉयोलाचा हार्कनेस आणि मिसिसिपी स्टेटचा जो डॅन गोल्ड, मध्यवर्तुळात हस्तांदोलनाला आले. हार्कनेस पुढे सांगायचा की हात हातात घेतला आणि कॅमेऱ्यांचे दिवे असे लखलखले की तेव्हा त्याला कळलं, हा नेहमीचा सामना नाही. मी एकतीस वर्षांत शेकडो नाणेफेकी आणि हस्तांदोलनं टेबलावरून बघितली आहेत. बहुतेक कर्णधार हात मिळवताना दुसरीकडेच बघत असतात, प्रेक्षकांत, प्रशिक्षकाकडे, आपल्या बुटांकडे. म्हणून फोटो हातात आला की मी आधी हात बघत नाही, डोळे कुठे आहेत ते बघतो. तुम्हीही तसं करा, आणि काय दिसलं ते फोटोखालच्या ओळी वाचायच्या आधी वहीत लिहा. फोटोखालच्या ओळींवर माझा विश्वास नाही. एका स्पर्धेच्या स्मरणिकेत माझ्या फोटोखाली 'वैद्यकीय मदतनीस' छापलं होतं.

सामना सुरू झाला आणि मिसिसिपी स्टेटनं ७-० अशी आघाडी घेतली. विश्रांतीला लॉयोला २६-१९ पुढे. मिसिसिपीचा लेलंड मिचेल, त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू, पाच फाउल होऊन बाहेर गेला. हार्कनेसचे २० गुण, राउसचे १६ गुण आणि १९ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर चेंडू पकडणं). मारामारी नाही, शिवीगाळ नाही. लपूनछपून राज्याबाहेर पडलेली पोरं नीट खेळली, हरली, आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बोलिंग ग्रीनला हरवून घरी गेली. त्याच बोलिंग ग्रीनला, ज्यांनी फेब्रुवारीत लॉयोलाला धूळ चारली होती.

बाकीच्या फेऱ्या झटपट. पहिल्या फेरीत लॉयोलानं टेनेसी टेकला १११-४२ असं धुतलं. ६९ गुणांचा हा फरक त्या स्पर्धेत आजही विक्रम आहे. इलिनॉयला ७९-६४. उपांत्य सामन्यात ड्यूकला ९४-७५. एकेक ओळ, निळी शाई, संपलं.

आता अंतिम सामना. इथे नुसती ओळ लिहून थांबू नका. कोरं स्कोअरशीट घ्या आणि सामना पुन्हा त्यावर उतरवा. आपल्याकडे वापरतात ते आंतरराष्ट्रीय पद्धतीचं शीट चालेल, मी तेच वापरलं. अमेरिकन स्कोअरबुक वेगळं असतं, पण आपला हात ज्यावर बसलाय तेच बरं. ज्यांनी हे शीट कधी भरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सुरुवातीच्या पाच खेळाडूंच्या नावापुढे फुली मारून तिला वर्तुळ करायचं. बदली खेळाडू पहिल्यांदा मैदानात उतरला की त्याच्या नावापुढे नुसती फुली, वर्तुळ नाही. उजवीकडे गुणांची लांब शिडी असते. मैदानी बास्केटला आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरलेला ठिपका, आणि शेजारी खेळाडूचा नंबर. दोन रंगांची पेनं लागतात. डाव बदलला की रंग बदलायचा. एकदा एका आंतरविद्यापीठ सामन्यात माझ्याकडून ७ नंबरचा फाउल १ नंबरवर लिहिला गेला होता. चूक सापडेपर्यंत बिचारा १ नंबर चार फाउलांच्या धाकात खेळत होता. म्हणून सांगतो, प्रत्येक नोंदीनंतर बेरीज ताडून बघा.

२३ मार्च १९६३, शनिवार, फ्रीडम हॉल, लुईव्हिल, केंटकी. समोर सिनसिनाटी. आधीच्या दोन्ही वर्षांचे विजेते, आणि देशात सगळ्यात कमी गुण देणारा संघ, सामन्यामागे जेमतेम ५२.९. सगळ्यात जास्त गुण करणारे विरुद्ध सगळ्यात कमी देणारे. सिनसिनाटीच्याही सुरुवातीच्या पाचांत तिघे कृष्णवर्णीय: टॉम थॅकर, जॉर्ज विल्सन, टोनी येट्स. म्हणजे चेंडू वर उडाला तेव्हा मैदानातल्या दहांपैकी सात. टेक्सास वेस्टर्नच्या तीन वर्षं आधी, हे नातवाला पुन्हा एकदा.

पहिल्या डावाची शिडी भरताना हात रिकामाच राहतो. लॉयोलाचे पहिल्या १४ पैकी १३ शॉट हुकले. विश्रांतीला २९-२१ मागे. दुसऱ्या डावात ४५-३०. पंधरा गुणांनी मागे, शॉट क्लॉक नाही, तीनची रेघ नाही. सिनसिनाटी चेंडू फिरवत वेळ काढायला लागली. कुठल्याही टेबलावरचा माणूस अशा वेळी पेनांची टोपणं शोधायला लागतो.

मग लॉयोलानं समोरच्यांना पूर्ण मैदानभर अंगाला चिकटून दाबलं. इथे तक्त्यातला एक आकडा जपून बघा: सामनाभरात सिनसिनाटीच्या हातून चेंडू १६ वेळा सुटला, लॉयोलाच्या हातून फक्त ३ वेळा. लॉयोलाचे शॉट बघा, ८४ पैकी २३ आत. सत्तावीस टक्के. असल्या नेमबाजीनं गल्लीतली मॅचही जिंकता येत नाही. सिनसिनाटी ४५ पैकी २२, जवळजवळ निम्मे. आता दोन्ही आकडे एकमेकांखाली लिहा. एकानं ८४ वेळा मारलं, दुसऱ्यानं ४५ वेळा. चेंडू सुटणं आणि रिबाउंड ह्यांचा सगळा हिशेब ह्या तफावतीत येतो. फ्री थ्रो दोघांचे चौदा-चौदा. बेरीज करा: तेवीस दुणे सेहेचाळीस अधिक चौदा, साठ. बावीस दुणे चव्वेचाळीस अधिक चौदा, अठ्ठावन्न. ताळा जमतो.

हार्कनेसच्या नावापुढे फार उशिरापर्यंत एकही मैदानी बास्केट नाही. संघाचा मुख्य गुण करणारा, आणि रकाना कोरा. शेवटच्या पाचेक मिनिटांत तो उठला. बारा सेकंद उरलेली असताना सिनसिनाटीच्या लॅरी शिंगलटननं दोनपैकी पहिला फ्री थ्रो टाकला, ५४-५२. दुसरा हुकला. तो आत गेला असता तर लॉयोलाला एका बास्केटनं बरोबरी साधता आली नसती आणि मी आज डेव्हन अव्हेन्यूवर फक्त पोहे घेऊन परत आलो असतो. रिबाउंड, चेंडू पुढे, हार्कनेसचा शॉट, चार सेकंद बाकी, ५४-५४.

जादा वेळेला पेनाचा रंग तोच ठेवायचा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत जादा वेळ म्हणजे शेवटच्या डावाचीच शेपटी. ५८-५८ झाल्यावर लॉयोलानं शेवटच्या शॉटसाठी चेंडू धरून ठेवला. ईगन अडकला, पंचांनी जंप बॉल दिला, म्हणजे दोघांच्या मध्ये चेंडू वर उडवला, ईगन आणि शिंगलटन. ईगननं तो आपल्याकडे वळवला. अखेर हार्कनेस आत घुसला, वर उडाला, वाट बंद दिसली तशी त्यानं चेंडू हंटरकडे दिला. हंटरचा शॉट रिंगवरून निसटला. राउस तिथेच होता. त्यानं तो उचलून आत टाकला आणि वेळ संपली. शिडीवर साठ आकड्यावर तिरकी रेघ, त्याखाली दोन जाड आडव्या रेघा.

आता शीट टेबलावर सपाट ठेवा आणि लॉयोलाचा नावांचा रकाना वरून खाली वाचा. मी चष्मा पुसला तो ह्यासाठी. हार्कनेस १४, राउस १५, हंटर १६, ईगन ९, मिलर ६. पाच वर्तुळातल्या फुल्या, आणि त्याखाली एकही फुली नाही. पंचेचाळीस मिनिटं पाच जण. हंगामाच्या मध्यावर पाब्लो रॉबर्टसनसह काही राखीव खेळाडू अभ्यासाच्या निकालामुळे गळाले होते, बाक हलका झाला होता. तरीही बदली उभे होते आणि आयर्लंडनी एकालाही बोलावलं नाही. नातवानं शीट बघून विचारलं, "आजोबा, तुम्ही अर्धंच भरलंय का?" मी त्याला म्हटलं, बेरीज कर.

एक काम शेवटचं. हंगाम संपला तिथे रेघ मारू नका, खाली सहा-सात ओळी मोकळ्या ठेवा. त्या भरत जातात. माझ्या रजिस्टरात तिथे २०११ ची नोंद आहे: जो डॅन गोल्ड गेला. हार्कनेस त्याच्या अंत्यविधीला गेला, तर शवपेटीजवळ तो हस्तांदोलनाचा फोटो ठेवलेला. २०१३: त्या लॉयोला संघाला व्हाइट हाउसमध्ये बोलावणं. २०२०: हंटर गेला. २०२१: हार्कनेस.

आणि ह्यांच्या मध्ये एक ओळ मी नेहमीच्या रकान्यांत लिहिली आहे, कारण तो सामना होता. १५ डिसेंबर २०१२, शनिवार. प्रतिस्पर्धी मिसिसिपी स्टेट. गाव स्टार्कव्हिल, मिसिसिपी. मैदान परकं. लॉयोला ५९, मिसिसिपी स्टेट ५१. निळी शाई.